आमच्या ओट्यावर शपथ चालत नाही

कारभारणीचं तेरावं झालं, त्याच दुपारी थोरला मुलगा म्हणाला, "आबा, हे बारदान उचला आता ओट्यावरून. पुण्याला चला." सुनेनं माझे पायजमे घडी करून पिशवीत भरलेसुद्धा होते. मी ते काढले आणि परत दोरीवर टाकले. पोरगा रागावला. मी म्हणालो, "तुझी गाडी चुकंल. जा तू." तो गेला. वस्तीतले लोकही सांगून गेले की म्हाताऱ्या, बाईबरोबर तिचं खूळही गेलं असं समज आणि निवांत बस. बसलो. ओट्यावरच बसलो, हातात दाभण घेऊन.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, त्यामुळे जसं तोंडात येतं तसं लिहितो. कुणाला लागलं तर लागू दे.

आम्ही मूळचे पाथर्डीकडचे. ऊसतोडीला कारखान्यावर यायचो. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस असला की मुकादम त्याला अर्धा कोयता म्हणतो. एका हंगामानंतर आम्ही गावाकडे परत गेलोच नाही. संगमनेरला राहिलो, नाला आणि प्रवरा यांच्या मधल्या या वस्तीत. मी मार्केट यार्डात हमाली धरली. कारभारीण घरी विड्या वळायला लागली. इथं घरटी एक बाई तरी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. तिचं सूप मी आता भिंतीला उलटं टांगलंय. पावसाळी हवा असली की त्याला अजून तंबाखूचा वास सुटतो. मी त्या भिंतीकडे पाठ करून झोपतो.

तर वस्ती. पुढून शिरताना एक दारूचा गुत्ता, मागून शिरताना दुसरा. माणूस सकाळी डबा घेऊन कामाच्या नाक्यावर जातो, दुपारी तो डबा खातो, आणि संध्याकाळी रिकाम्या पोटी वस्तीत शिरतो. घर नंतर लागतं, गुत्ता आधी. हे सगळ्यांना दिसत होतं, पण कारभारणीला त्यातली भूक दिसली. तिनं ओट्यावर चूल मांडली. दिवेलागणीला येणाऱ्या कुणालाही हाक मारायची, "ए गड्या, आधी खा. मग कुठं जायचं तिथं जा." भाकरी, पिठलं, नाहीतर नुसता मिरचीचा खर्डा. काही जण खाऊनही गुत्त्यावर जायचे. काही जण खाल्लं की तिथंच पेंगायचे आणि बायका त्यांना उठवून घरी न्यायच्या. ती कुणाला उपदेश करत नव्हती. म्हणायची, "मी दिवसभर लोकांच्या तोंडात धूर घालती. मला कुनाला नावं ठिवायचा हक न्हाई."

त्यातल्याच एखाद्याला वाटायचं की सोडावी. मग ती त्याला आधी सरकारी दवाखान्यात न्यायची. तिथल्या डॉक्टरांनी तिला सांगून ठेवलं होतं की रोज पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद केली तर झटके येतात, माणूस हातचा जातो. म्हणून आधी दवाखाना, सलाईन, गोळ्या. तिथून सोडलं की आमचा ओटा. यार्डातल्या व्यापाऱ्यांकडून मी फाटकी बारदानं आणायचो. शिवून परत दिली की शिवणाऱ्याला चार पैसे सुटायचे. नवीन सोडलेल्या माणसाचा हात थरथरतो. साध्या सुईत त्याला दोरा ओवता येत नाही. दाभणाचं भोक मोठं असतं, त्यात सुतळी जाते. तिथून सुरुवात. एका हातानं पोतं दाबून धरायचं, दुसऱ्यानं टोचायचं. दोन्ही हात गुंतले की बाटली कशानं धरणार? हे तिचं डोकं. कुठल्या शिबिरात शिकली नव्हती.

आणि एक नियम होता. आमच्या ओट्यावर शपथ घ्यायची नाही. देवाची नाही, आईची नाही, लेकराची तर नाहीच.

त्याला कारण तिचा धाकटा भाऊ. गावाकडे सप्त्यात सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली होती, आता दारू नाही म्हणून. त्यानं चांगली निभावली. मग एका लग्नात वरातीत कुणीतरी पाजली, एक ग्लास. सकाळी त्यानं स्वतःच माळ काढली, लिंबाच्या फांदीला टांगली आणि घरी आलाच नाही. माळ मोडलीच आहे तर आता थांबायचं कशाला, हा त्याचा हिशोब. संपेपर्यंत पीत राहिला. कारभारीण म्हणायची, "त्याला दारूनं मारलं न्हाई, माळंनं मारलं." मी म्हणायचो, "दोघींनी मिळून मारलं." त्यावर ती माझ्याकडे असं बघायची की मी पोतं उचलून आत न्यायचो.

म्हणून ओट्यावर कुणी शपथ काढली की ती त्याचं तोंड धरायची. "आज न्हाई ना प्यालास? मग झालं. उद्याचं उद्या." एखादा घसरला तर दुसऱ्या दिवशी मान खाली घालून यायचा आणि ती त्याच्यापुढं पोतं टाकायची. बोलणं नाही, रडणं नाही. त्यामुळे घसरलेला माणूस परत यायचा. सगळे नाही आले. जे नाही आले त्यांतल्या काहींना मी खांदा दिलाय.

तिच्या शेवटच्या दिवसांत ओट्यावर एक फरशीवाला आला. फरशी बसवण्यात त्याचा हात असा होता की बंगलेवाले त्याची वाट बघायचे. मग हात थरथरायला लागला, फरश्या वरखाली व्हायला लागल्या आणि त्याला कुणी उभं करेना. बायको धुणीभांडी करायची. एक मुलगी, तिसरीत. कारभारणीला तेव्हा धाप लागायची, तरी ती त्याच्याशेजारी बसून टाका दाखवायची. तो म्हणायचा, "मावशी, लेव्हल लावायला मी शिकवीन तुमाला, हे शिवायचं तेवढं ऱ्हाऊ द्या." ती म्हणायची, "तुझी लेव्हल बघितली मी. काल नाल्यात पडला हुतास." तो हसायचा. हळूहळू त्याचा हात ठरला. कामाला जायला लागला. कारभारीण गेली तेव्हा तिरडीचा पुढचा डावा खांदा त्याचा होता आणि त्याच्या तोंडाला वास नव्हता. मी पुढं मडकं धरून चाललो होतो, मला एवढंच आठवतं.

इथपर्यंत ठीक होतं.

आमच्या वस्तीत एक तरुण मंडळ आहे. त्याचा अध्यक्ष वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गटार तुंबलं की नगरपालिकेत जाऊन भांडतो. पण त्याला स्टेज लागतं. कारभारणीच्या नावानं त्यानं व्यसनमुक्तीचा कार्यक्रम ठेवला. फ्लेक्सवर तिचा फोटो, रेशनकार्डावरचा मोठा केलेला, त्यात ती रागावलेली दिसते. मला पुढं खुर्ची दिली. मग एकेकाला वर बोलवायला लागले, माईकवर शपथ घ्यायला.

फरशीवाल्याला बोलवलं तेव्हा त्याच्या मुलीलाही वर घेतलं. शाळेच्या ड्रेसात. अध्यक्ष माईकमध्ये म्हणाला, "लेकीच्या डोक्यावर हात ठेवा आणि बोला."

मी खुर्चीतूनच ओरडलो, "अध्यक्ष, शपथ नको. आमच्या ओट्यावर चालत न्हाई ती. माझी बायको असती तर तिनं तुमचा माईक काढून घेतला असता."

लोक हसले. अध्यक्ष माईकमध्ये म्हणाला, "आबा भावनिक झालेत. साहजिक आहे." टाळ्या वाजल्या.

फरशीवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मग समोर बसलेल्या बायकोकडे. तिनं हात जोडले होते. आता त्या माणसानं काय करावं? सगळ्या वस्तीसमोर नाही म्हणावं? त्यानं हात ठेवला आणि बोलला. मी उठून घरी आलो. मागून कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला मान दिला तरी पचत नाही. नाही पचत.

पुढं तो एका बंगल्यावर कामाला होता. आमच्याकडे घराचं काम पुरं झालं की मालक कामगारांना मटण घालतो, आणि मटणाबरोबर बाटली येतेच. त्याच्या हातात ग्लास दिला. त्यानं तो घेतला. एक घेतला की चार, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर आला नाही. मी पोतं काढून ठेवलं होतं. त्याच्या नंतरच्या दिवशीही नाही. मग कळलं की मुलगी तापानं फणफणलीय, सरकारी दवाखान्यात ठेवलीय. डेंग्यू. पेशी कमी झाल्यात.

मी दवाखान्यात गेलो तर त्याची बायको एकटीच. विचारलं, तो कुठं?

"मला काय म्हाईत आबा. मी बोलले त्याला. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून प्यालास, आता बघ म्हनलं, तुज्या हातानं झालं हे. तवापासनं गायब हाय."

"पोरी, असं बोलायचं असतं का?"

"मग कसं बोलायचं असतं? तुमीच सांगा."

ती रात्रभर जागलेली. मी तिला चहा आणून दिला आणि त्याला शोधायला निघालो.

फरशीवाला मला प्रवरेच्या पुलाखाली सापडला. भर दुपार. एका खांबाला टेकून बसला होता, शेजारी बाटली, अंगावर त्याच कामाचे कपडे, सिमेंट लागलेले. मला बघून म्हणाला, "बसा आबा," जसं काय मी त्याच्या घरी पाहुणा आलोय.

"बसायला न्हाई आलो. चल."

"कुठं?"

"दवाखान्यात. पोरगी वाट बघती."

"मी तिथं गेलो तर तिच्या पेशी आनखी उतरतील."

"तू डाक्टर हायस का?"

"मी तिच्या डोक्यावर हात ठिवून बोललोय आबा. समद्यांनी बघितलं. बोललो आन् प्यालो. देव आंधळा न्हाई."

"देव आंधळा न्हाई, मग त्याला डास दिसत न्हाईत व्हय? नाल्यावर ढगानं हायेत. निम्म्या गल्लीला ताप हाय. त्या समद्यांच्या बापांनी शपथ घेतल्ती का?"

त्याच्या तोंडावर जरा हसू आलं आणि लगेच गेलं. मग तो हळू बोलला, अगदी शुद्धीवर असल्यासारखा. "शपथ मोडनारा ऱ्हायला न्हाई म्हंजी शपथ फिटती. मी गेलो की ती उठंल. मी ठरिवलंय."

प्यालेला माणूस मरायच्या गोष्टी करतो, त्यातल्या पुष्कळ नुसत्या गोष्टी असतात. इतकी वर्षं ऐकून ऐकून मला फरक कळतो. हा रडत नव्हता, छाती पिटत नव्हता. खाणं सोडलं होतं आणि पिणं चालू ठेवलं होतं. मी फडक्यातली भाकरी पुढं केली, त्यानं हात लावला नाही. त्याच्या बगलेत हात घालून उठवायला गेलो. एके काळी या पाठीवरून मी भरलेली कांद्याची गोणी ट्रकावर चढवायचो. आता गुडघा वाजला आणि मीच त्याच्या शेजारी बसलो. तो म्हणाला, "मी म्हनलंच हुतं, बसा."

बसलो आणि विचार केला. त्याला मी तासभर सांगू शकलो असतो की शपथ खोटी, डास खरा. पण त्याच्या डोक्यात जे खरं होतं ते माझ्या बडबडीनं खोटं होणार नव्हतं. त्याच्याच कायद्यानं जायला पाहिजे होतं. आणि त्या कायद्यात एक कलम आहे, ते लहान पोरांना माहीत असतं. आम्हीही लहानपणी गळ्याची शपथ घालायचो. ज्याच्या गळ्याची घातली त्यानं 'सुटली' म्हटलं की शपथ सुटते. मग कुणाला काही होत नाही. पोरं अजून तेच करतात, मी ओट्यावरून रोज ऐकतो. मोठी माणसं शपथ घालायची तेवढी लक्षात ठेवतात आणि सोडायचं विसरतात.

मी म्हणालो, "आन् पोरगीच सुटली म्हनली तर?"

त्यानं तोंड पाण्याकडे फिरवलं. "ती कशाला म्हनंल," एवढंच बोलला.

तो नाही म्हणाला नव्हता. मला तेवढं पुरेसं होतं. तिथं एकजण म्हशी धूत होता, त्याला सांगितलं, "याला पान्याकडं जाऊ देऊ नको." तो म्हणाला, "म्हशीला सांभाळतो तसा सांभाळतो, जा तुमी."

दवाखान्यात गेलो तर अध्यक्ष आलेला. पपईच्या पानांचा रस आणि त्या हिरव्या किवीचा डबा घेऊन. पेशी वाढतात म्हणे. बरोबर फोटो काढणारा नव्हता, हे बघून मला बरं वाटलं. मी फरशीवाल्याच्या बायकोला सरळ सांगितलं की तुझा नवरा पुलाखाली मरायला बसलाय, आणि पोरीनं शपथ सोडली तरच उठेल असं मला वाटतं.

"न्हाई आबा," ती म्हणाली. "त्या शपथंवर तर मी जगती. ती सुटली की त्याला रान मोकळं."

"शपथ हाय म्हनून तर तो पुलाखाली हाय. नसती तर काल सकाळी तुज्याकडं आला असता, चार शिव्या खाऊन गप हितं बसला असता."

"आन् उद्या परत प्याला तर?"

"पिईल बी. मी कुठं न्हाई म्हनतो. पन जित्ता असंल तर पिईल, आन् जित्ता असंल तरच सोडंल."

अध्यक्ष मधे पडला. "आबा, मावशींच्या नावाचा कार्यक्रम होता तो. सगळ्यांसमोर झालेली शपथ अशी मागं घेतली तर लोक काय म्हणतील? बाकीच्यांनी घेतलीय त्यांचं काय?"

"लोकांना सांगा, आबा भावनिक झालेत."

तो लाल झाला. "मी चांगल्यासाठीच केलं होतं."

"व्हय. म्हाईत हाय मला. पोराला चांगल्यासाठीच विहिरीत ढकलत्यात, पोहायला यावं म्हनून. पन ढकलनारा काठावर थांबतो, अध्यक्ष. तुमी फोटो काढून घरी गेलात."

आमचं हे चाललेलं असताना कॉटवरून आवाज आला, "मला इचारा ना. डोकं माजं हाय."

मुलगी जागी होती. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, हाताला सलाईन. पण आवाज ठणठणीत. तिची आई म्हणाली, "तू झोप."

"झोपूच देईनात तुमी. सुटली म्हनायचं हाय ना? म्हनते की. पन पप्पा कुठंय? समोर म्हनावं लागतं. मागं म्हनलं तर सुटत न्हाई."

अध्यक्षानं खिशातून मोबाईल काढला. "व्हिडिओ कॉल लावू? तिथं कुणाकडं तरी फोन असेल."

"मोबाईलवर चालत न्हाई," मुलगी म्हणाली. "आमच्या शाळंत तर न्हाई चालत."

अध्यक्षानं मोबाईल परत खिशात घातला. कायदा त्यालाही पटला असावा, तोही याच वस्तीत वाढलाय.

मी त्या बाईकडे बघत थांबलो. शपथ पोरीच्या डोक्याची होती, पण जगायचं त्या माणसाबरोबर हिला होतं. मी जबरदस्ती करणारा कोण? ती ओला रुमाल पिळत होती. पिळून झाला तरी पिळत होती. मग रुमाल पोरीच्या कपाळावर ठेवून म्हणाली, "आना त्याला. पन मी बोलनार न्हाई त्याच्याशी."

"नको बोलू," मी म्हणालो.

अध्यक्ष गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिला. "चला आबा, मी सोडतो." आणि खरंच, त्या माणसाला आणला तो त्याच्याच गाडीवरून. पुढं अध्यक्ष, मधे फरशीवाला, मागं मी, त्याला धरून. पुलाखाली त्याला एवढंच सांगितलं, "ती सोडायला तयार हाय, पन समोर ये म्हनली." तो उठला. उठताना दोनदा पडला, पण आपला आपण उठला. पांढऱ्या शर्टाच्या अध्यक्षाच्या पाठीवर तो वाटेत ओकला. अध्यक्षानं गाडी थांबवली नाही. त्या दिवसापासून मी त्याला नावं ठेवायची जरा कमी केलीत.

दवाखान्याच्या दारात वॉचमन आडवा आला. "प्यालेल्या मानसाला आत सोडता येत न्हाई. पेशंटला भेटायची ही काय तऱ्हा झाली?"

तो बरोबरच होता. मी म्हणालो, "भेटायला न्हाई आनला, भरती करायला आनलाय. याचं बी नाव लिहा."

वॉचमननं त्याच्या हाताकडे बघितलं. हात फडफडत होता. "केसपेपर काढा आधी," तो म्हणाला आणि बाजूला झाला. अध्यक्ष केसपेपरच्या रांगेत उभा राहिला, तसल्या शर्टात.

आत गेलो. फरशीवाला कॉटपासून लांबच उभा राहिला, भिंतीला चिकटून. पोरीनं नाक धरलं.

"पप्पा, वास येतोय."

"व्हय बाळा."

"हिकडं या. वाका खाली."

तो वाकला. तिनं सलाईन नसलेल्या हातानं त्याचा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला, कार्यक्रमात ठेवला होता तसा. नीट बसला की नाही ते बघितलं. मग तो हात बाजूला सारून म्हणाली, "सुटली." पुन्हा म्हणाली, "सुटली." आणि आईकडे वळून, "झालं. आता मला झोपू द्या."

तो खाली फरशीवर बसला. गुडघ्यात डोकं घातलं. बायको बोलणार नाही म्हणाली होती. पण पाण्याचा तांब्या पायानं त्याच्याकडे सरकवला.

नंतर त्याला पुरुषांच्या वॉर्डात घेतलं. दारू तुटल्यावर त्याला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, तो चादरीवरच्या फरश्या नीट लावत बसायचा, हवेतच. मी पायथ्याशी बसून राहायचो. ही जागा कारभारणीची होती. ती अशा वेळी काय बोलायची ते मी आठवायला गेलो तर आठवलं की ती काही बोलायचीच नाही, पाय चेपायची. मी त्याचे पाय चेपले. माझ्या बायकोचे मी कधी चेपले नव्हते, शेवटी पाय सुजले तेव्हा तिनं हात लावू दिला नाही. म्हणाली, बारदान बघा आधी.

मुलीच्या पेशी वाढल्या. सलाईननं आणि डॉक्टरांनी वाढवल्या. शपथ सुटली म्हणून वाढल्या असं वस्तीत बायका बोलतात. मी त्यांना सांगतो की तसं नाही. ज्यांना चमत्कार पाहिजे त्यांनी दुसरा ओटा बघावा. मी पोरीकडून 'सुटली' म्हणवून घेतलं ते तापासाठी नाही, तिच्या बापासाठी.

तो परत ओट्यावर यायला लागला. दाभण, सुतळी, फाटकं पोतं. मग पुन्हा कामाला. आता बंगल्याचं काम संपत आलं की शेवटच्या दिवशी तो हत्यारं दुपारीच पिशवीत घालतो आणि मटण शिजायच्या आत तिथून निघतो. दिवाळी बरी गेली. संक्रांतीनंतर एक दिवस गल्लीत कुजबुज झाली की फरशीवाला काल गुत्त्यावर दिसला. ज्यांनी कधी कुणाला भाकरीचा तुकडा घातला नाही ते सकाळी सकाळी माझ्या ओट्यापुढून चकरा मारायला लागले. एकजण थांबून म्हणालाच, "काय आबा, सोडवली ना शपथ? घ्या आता."

"घेतो की," मी म्हणालो. "तुला काय पायजे?"

मी चूल पेटवली. वाट बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. कारण सगळं त्याच्यावर होतं. आता त्याच्या डोक्यावर काही मोडल्याचं ओझं नव्हतं. आला तर कारभारणीचं खरं, नाही आला तर त्या चकरा मारणाऱ्यांचं.

ऊन ओट्यावर यायच्या आधी तो आला. डोळे लाल, तोंडाला वास, केस ओले करून भांग पाडलेला. पायरीच्या खाली उभा राहिला.

"आबा, काल प्यालो."

"दिसतंय."

"वर येऊ का?"

"मग काय खाली बसून शिवनार हायस?"

तो वर आला. बारदानाचा ढीग पुढं ओढला आणि त्यातलं सगळ्यात जास्त फाटकं पोतं शोधून मांडीवर घेतलं. पहिल्या खेपेला सुतळी दाभणात गेली नाही, दुसऱ्या खेपेला गेली. समोरून तो चकरा मारणारा परत चालला होता. फरशीवाल्यानं मान वर केली आणि त्याला हाक मारली, "ए भाऊ, सारखा हिंडतोयस. भाकर खातो का?"